व्याही, सीताफळं आणि माझा दिवाण

आमच्या घरात व्याह्यांना सीताफळांवर बसवायची पद्धत नाही. ते एकदाच घडलं, आणि ज्या बाईनं ते घडवलं ती मीच.

पाटोद्यापासून आत, डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. त्या साली पावसानं पाठ फिरवलेली. कापूस गुडघ्याशी येऊन थांबला, तूर फुलोऱ्यातच वाळली, आणि विहिरीत वाकून बघितलं तर नुसता खडक दिसायचा. डोंगरावरची सीताफळं तेवढी लगडली होती. त्यांना कुणी खत घातलं नव्हतं, पाणी नव्हतं, औषध नव्हतं. त्यांच्यावर फवारावं असं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि एक दिवस कळलं, की यालाच शहरात 'सेंद्रिय' म्हणतात आणि लोक ते शोधत फिरतात!

हे कळलं मला, बीडच्या एका शिबिरात. आमच्या महिला गटाकडून मी गेलते. येताना 'सप्लाय चेन' हा शब्द घेऊन आले, आणि मग तो घरात, पाणवठ्यावर, टँकरच्या रांगेत सगळीकडे वापरला. (नवरा म्हणायचा, "भाजीत मीठ कमी हाय, पण सप्लाय चेन बरोबर पडलीय.") तोवर आमच्या बायका पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसायच्या आणि व्यापारी गाडीतून न उतरताच भाव सांगायचा. आता आपणच तोडायचं, निवडायचं, क्रेट भरायचे आणि टेम्पोनं थेट पुण्याच्या दुकानात पाठवायचं.

"ही साखळी असती. एक कडी तुटली की समदं तुटतं," मी बैठकीत सांगितलं.

"आमच्या पिशवीची चेन तर कवाच तुटलीय," शेजारची रुक्मिणबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तीच हळूच म्हणाली, "वहिनी, ह्यो माल नीट गेला ना, तर औंदा मी कोयत्यावर जात न्हाई."

कोयत्यावर म्हणजे ऊस तोडायला. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांकडं निघतात. तिचं लेकरू त्या साली पहिल्यांदाच शाळेत जायला लागलं होतं. हसणं तिथंच थांबलं.

माल ठेवायला आमची पुढची खोली घेतली. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या बायका डोंगरावरून कडक, हिरवी, नुकते डोळे उघडलेली सीताफळं घेऊन आल्या. मी एकेक फळ निवडून क्रेट शिगोशीग भरले. आता फक्त टेम्पो यायचा होता. आला तो टेम्पोवाल्या सलीमभाईचा फोन.

"भाभी, गाडी ऊसतोडीच्या टोळीला सोडायला गेली. उद्या येतो, पक्का!"

फोन ठेवते न ठेवते तोच दारात जीप थांबली. नणंद मनीषा, जावईबापू आणि तिचे सासरे! लग्नानंतरची पहिली दिवाळी. येणार होते भाऊबीजेला, आले पाडव्याला.

सासूबाई धावत आल्या. "अगं, पाव्हणं आलं! बसवायचं कुटं? समद्या खोलीत तुजी फळं!"

अशा वेळी माझं डोकं फार चालतं. (माझी सगळी संकटं याच एका कारणानं आली आहेत.) मी क्रेटवर क्रेट ठेवून भिंतीला लांबलचक रांग लावली, वर पुठ्ठे टाकले, त्यावर दोन गोधड्या, त्यावर लग्नातली पांढरी चादर आणि टोकाला लोड. सासूबाई बघतच राहिल्या.

"लई भारी दिसतंय गं!"

व्याही आत आले. कडा गावाकडचे, अंगानं भरदार, पांढरंशुभ्र धोतर. गावच्या दूध संस्थेचे ते बरीच वर्षं सचिव होते, त्यामुळं बसतानासुद्धा सभेला बसल्यासारखे बसले.

"दिवाण नवा केला वाटतं?"

"हो मामा," मी म्हणाले. "सागवानी हाय."

सागवानी! नुसतं 'हो' म्हणून थांबता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईचा फोन आला, टोळीच्या वाटेवर टायर फुटला. पाहुणे दिवसभर दिवाणावरच. चहा तिथंच, फराळ तिथंच. खाली सीताफळं, वर गोधड्या, त्यावर व्याही. फळं पिकवायला माणसं मुद्दाम जी ऊब करतात, ती मी स्वतःच्या हातानं, नव्या चादरीसकट, तयार करून ठेवली होती!

तिसऱ्या दिवशी दुपारी, पुरणपोळी झाल्यावर, व्याही दूध संस्थेची गोष्ट सांगायला बसले. ते हळू बोलायचे. आणि हळूहळू खालीही जात होते.

मनीषा माझ्या कानाशी लागली. "वहिनी, आमचं मामंजी बुटकं झाल्यात का गं?"

"गप बस."

जावईबापूंनी नाक वर केलं. "सीताफळाचा वास येतोय."

"उदबत्ती हाय," मी म्हणाले.

"सीताफळाची उदबत्ती?"

"सेंद्रिय हाय ना!"

एवढ्यात 'फचाक्' असा आवाज झाला. व्याह्यांचे गुडघे एकदम छातीला लागले आणि ते मधल्या क्रेटमध्ये नीट बसले, दौतीत बूच बसावं तसे. जावईबापूंनी एक हात धरला, माझ्या नवऱ्यानं दुसरा. दोघांनी ओढून काढलं तेव्हा पांढऱ्या धोतराच्या मागं गर होता, बिया होत्या आणि एक अख्खं साल होतं.

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडताहेत. मग खांदे हलताना दिसले.

व्याह्यांनी वळून क्रेटमध्ये बघितलं, एक फुटलेलं फळ उचललं, शांतपणे खाल्लं आणि बी हातावर घेतली.

"पोरी," ते म्हणाले, "तुजं सागवान लई गोड हाय."

आणि मला हसू यायच्या ऐवजी रडू फुटलं. दारात रुक्मिणबाई उभी होती. आवाज ऐकून आली होती. तिनं क्रेटकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "गेलं का समदं?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. एवढे दिवस मी साखळी साखळी करत होते. त्या साखळीची सगळ्यात मोठी कडी दारात उभी होती, आणि तिला मी टेम्पो आला नाही हेसुद्धा सांगितलं नव्हतं. मीच निभावून नेईन, असं वाटलं होतं मला.

मी रडत रडत व्याह्यांना सगळं सांगितलं. शिबिर, पुणं, रुक्मिणबाईचा कोयता, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमच्या संस्थेत दुधाची गाडी आली न्हाई, की आमी रडत बसायचो न्हाई. चुली पेटवून खवा करायचो," ते म्हणाले. "समद्या बायांना बोलवा. याचा गर काढा. नुसतं बसलाव कशाला?"

ते ओलं धोतर तसंच लावून ते अंगणात बसले आणि आमचं काम सुरू झालं. बायका चाळणीवर फळं घासत होत्या, मनीषा दिवाळीच्या साडीत बिया वेगळ्या करत होती, आणि जावईबापू बाह्या वर करून पातेली भरत होते. (पहिल्या दिवाळीला जावयाकडून बिया काढून घेणारं सासर आमचंच!) सलीमभाईच्या भावाचं पाटोद्यात आइस्क्रीमचं दुकान होतं. गर मोटारसायकलवरून त्याच्या फ्रीझरात गेला.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. खालच्या क्रेटमधली फळं अजून कडक होती, ती पुण्याला गेली. तिथल्या दुकानानं ती घेतली, वर आणखी मागितली. गर मात्र त्यांना नको होता. पण सलीमभाईच्या भावाचं सीताफळ आइस्क्रीम थंडी पडेपर्यंत चाललं, आणि त्यानं पुढच्या वर्षीचा गर आत्ताच सांगून ठेवला. मालाला आता दोन वाटा होत्या.

रुक्मिणबाई त्या साली कोयत्यावर गेली. एका डोंगराची फळं सगळ्या वर्षाला पुरत नाहीत. पण ती टोळीच्या मागून, सीताफळं संपल्यावर गेली, आणि लेकराला आमच्याकडं शाळेला ठेवून गेली.

पुढच्या हंगामाआधी गटाची सभा भरली. मी नवी साडी नेसून, भाषण पाठ करून गेले. अध्यक्ष मीच होणार, यात मला शंका नव्हती. बायकांनी सासूबाईंना निवडलं. मग रुक्मिणबाई उठली आणि तिनं माझ्याबद्दल एक ठराव मांडला. माझ्याबद्दल गावात आजवर कुठल्याच गोष्टीत एकमत झालेलं नाही, ते त्या दिवशी झालं. टाळ्यांच्या गजरात, बिनविरोध ठरलं, की वहिनींनी शिबिराला अवश्य जावं, भाषणं करावीत, पण फळांना हात लावू नये.