पुढल्या वर्षीचं गाणं

आज नवरात्राच्या प्रसादाला हरभऱ्याचं सुंडल फोडणीला घातलं आणि मोहरी, कढीपत्ता, ओल्या खोबऱ्याचा वास घरभर झाला. त्या वासाबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, आठवल्या.

नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला की आमच्या तंजावुरात बघायला आलेल्या बायकांना गाणं म्हणायला लावतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघींत तोंड उघडायला लाजणारी. दरवर्षी एकच सांगायची, "पुढल्या वर्षी म्हणते."

अक्कांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले, त्या वर्षीही त्यांनी कोलू मांडला. रिवाजाप्रमाणे एक नवी बाहुलीसुद्धा आणवली. खुर्चीत बसून मला म्हणाल्या, "हं, म्हण." सवयीने माझ्या तोंडून गेलं, "पुढल्या वर्षी, अक्का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र खळखळून हसल्या. "पुढल्या वर्षी मला कुठं शोधशील गं? आत्ता म्हण. नाहीतर सुंडल मिळायचं नाही!"

मी म्हटलं. पण दुसरं कडवं आठवेना. मांडीवर ताल धरलेला त्यांचा वाळका हात थांबला नाही. "पहिलंच परत म्हण. छान चाललंय."

तेव्हा वाटलं, मी त्यांची शेवटची इच्छा पुरवली. आता कळतं, जाता जाता त्यांनी माझंच एक अडलेलं काम उरकून टाकलं.

आज संध्याकाळी शेजारणी कोलू बघायला आल्या. कुणी म्हणायच्या आधीच मी पदर सावरून गाणं सुरू केलं. दुसरं कडवं अजूनही येत नाही. पहिलंच दोनदा म्हटलं.