ज्यांना काहीच येत नाही त्यांची टूर्नामेंट

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटच्या स्टोअररूमसारखं होतं त्यांचं. कोणी फाटकी नेट ठेवून जातं, कोणी एकाच पायाचा बूट, आणि एक दिवस दार उघडावं तर सगळं धाडकन अंगावर! परवा एका मैत्रिणीने सहज विचारलं, "तुमची ती डॉजबॉलची टूर्नामेंट कशी झाली गं?" झालं. तिचा चहा दोनदा गरम करावा लागला.

मी मूळची धुळ्याची. सुरतेत युनिव्हर्सिटीत खेळ शिकवते त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं मी तेच बघत आले. क्रिकेटला ठरलेले अकरा, व्हॉलीबॉलला ठरलेल्या सहा. बाकीचे टाळ्या वाजवायला! मग एकदा एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली. आत यावं की नको अशा बेताने तिने विचारलं, "मॅडम, ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी काही असतं का?"

असं काहीच नव्हतं. घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि लिहिलं : डॉजबॉल. एका टीममध्ये सहा जण. त्यातले निदान तीन असे हवेत, जे आजवर कधीच कुठल्या टीममध्ये नव्हते. विद्यार्थी, प्राध्यापक, ऑफिसचा स्टाफ, सगळ्यांना मुभा.

* * *

परवानगीसाठी रजिस्ट्रार साहेबांकडे गेले. साहेब पक्के सुरती, पण फाइल बघताना चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाहीत.

"करायचं काय यात?"

"साहेब, दोन्ही बाजूंना सहा-सहा जण, मध्ये चार-पाच बॉल. एकमेकांना बॉल मारायचा. लागला तो आउट. पण समोरच्याने तो झेलला, तर मारणारा आउट, आणि झेलणाऱ्याचा एक आउट झालेला गडी परत आत."

"एकमेकांना मारायचं? युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर?"

"बॉल मऊ असतो, साहेब."

"केटलो मऊ?"

मी पिशवीतून बॉल काढून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी हात लावला नाही. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "असं नाही. मारून दाखवा."

शेजारी फाइल घेऊन उभा असलेला क्लार्क दोन पावलं मागे सरकला. मी हळूच मारायचं ठरवलं होतं, देवाशप्पथ! पण हाताला सवय वेगळीच. बॉल थेट टायवर बसला, तिथून पेनस्टँडवर, पेनं जमिनीवर.

साहेबांनी टाय सरळ केला. बॉलकडे बघितलं. आणि चेहऱ्यावरची ती रेघ हलली! "अरे, आ तो मारदडी! शाळेत आम्ही जुन्या मोज्यांचा बॉल करून खेळायचो."

"हो साहेब. आमच्याकडे आबाधुबी म्हणतात."

"मग आधी सांगायचं ना! सही कुठे करू?"

सही केली, टोपण लावलं, आणि क्लार्क ऐकत नाही असं बघून हळूच विचारलं, "तो हुं आउट ने? मी आउटच ना?"

* * *

फॉर्मवर एक रकाना होता : "यापूर्वी कोणता खेळ खेळला आहात?" मला वाटलं, बहुतेक कोरा ठेवतील. नाही! एकाने लिहिलं, "लुडो, मोबाइलवर." एकीने लिहिलं, "पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसणे." आणि एका पोरीने, जी रोज चलथाणहून बसने येते, लिहिलं होतं, "खेळ नाही. पण खिडकीची सीट रोज पकडते."

ही शेवटची सेमीफायनलपर्यंत गेली! झेल घ्यायची तर असे, की बॉललाच कळायचं नाही आपण कधी पकडले गेलो.

* * *

प्राध्यापकांच्या टीममध्ये गणिताचे देशमुख सर होते. मूळचे साताऱ्याचे, रिटायरमेंटला एक वर्ष उरलेलं. शर्ट इन केलेला, खिशाला पेन, पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज. शिट्टी वाजली की सर आउट! पहिल्या मॅचला पहिले. दुसऱ्या मॅचलाही पहिलेच. पण जाताना समोरच्याला "छान मारलास" म्हणून जायचे.

तिसऱ्या मॅचमध्ये बॉल तोंडाच्या दिशेने येतोय असं वाटून सरांनी चष्मा वाचवायला दोन्ही हात तोंडासमोर धरले, डोळे गच्च मिटले, आणि बॉल नेमका त्या हातांत येऊन बसला. सरांना पत्ताच नाही! सवयीप्रमाणे "छान मारलास" म्हणाले आणि बॉल काखेत मारून बाहेर चालू लागले.

"सर! परत या!" अख्खा हॉल ओरडायला लागला.

"अहो, मी आउट झालो."

"सर, तुम्ही कॅच घेतलाय!"

सर थबकले. काखेतला बॉल काढून बघितला. मग माझ्याकडे आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, हे लेखी मिळेल का?"

मी विभागाच्या शिक्क्यासह दिलं. पुढे त्यांच्या बायोडेटाची सुधारित प्रत आमच्या ऑफिसात आली. संशोधनपर लेखांच्या यादीखाली नवी ओळ होती : "क्रीडा – झेल, एक."

* * *

आमचा इनडोअर हॉल सुमनताई झाडतात. माहेर नंदुरबारकडचं, आता उधन्याला राहतात. साफसफाईवाल्यांच्या टीमला एक माणूस कमी पडला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "ताई, या ना."

"मनं काय काम शे तठे?" ताई घरचीच अहिराणी बोलतात माझ्याशी. मी धुळ्याची, त्यांना तेवढाच आधार!

"काही नाही हो, नुसतं उभं राहायचं."

पदर खोचून आल्या. समोर युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट टीमचा फास्ट बॉलर. पोरगा चांगला, त्याने मुद्दाम हळू टाकला. वर "मासी, संभाळजो" असंही म्हणाला. ताई जरा बाजूला झाल्या. बॉल गेला, भिंतीला लागून परत त्यांच्याच पायाशी आला. त्यांनी तो उचलला, हात खांद्यामागे नेला, आणि सटाक! फास्ट बॉलरच्या बरोबर छातीवर. तो अजून हसतच होता. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या मागे लपलेला! तीन बॉल, तीन गडी. हॉलमध्ये असा आवाज झाला की बाहेरचा वॉचमन धावत आत आला.

मॅच संपल्यावर मी विचारलं, "ताई, हे कुठे शिकलात?"

"ज्वारीना वावरमा. गोफण व्हती मनी."

"म्हणजे पाखरांना मारायचात?"

ताईंना राग आला. "पाखरेस्ले कोन मारस? नुसतं उडाडानं!" मग फास्ट बॉलरकडे बघून जरा वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "पन मॅडम, पाखरू यान्हापेक्षा लवकर उडस!"

* * *

आता जो किस्सा सांगते तो मितेशचा. मितेश कॉमर्सचा, शांत मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा कोर्टवर उतरलेला. सेमीफायनल. दोन्हीकडे एक-एक जण उरलेला. रेफरी मी. समोरून बॉल आला, मितेश वळला, बॉल निघून गेला. मला काही दिसलं नाही. खरंच सांगते, प्रेक्षकांतही कोणाला दिसलं नाही. खेळ चालू राहायला हवा होता.

मितेशने हात वर केला.

"काय झालं?"

"मॅडम, लागला."

त्याची टीम बाहेरून किंचाळली. "मॅडमनी आउट दिलं नाही, तू कशाला देतोस?" कॅप्टन तर लाइनपर्यंत धावत आला. "कुठे लागला? शर्टला लागला असेल! तुला कुठे लागला?"

मितेश शर्टचं टोक हातात धरून उभा. घामाने चिंब. त्याला फायनल हवी होती, दिसत होतं ते. कॅप्टनकडे बघून म्हणाला, "पण शर्टमां तो हुं ज छुं ने!"

शर्टात मीच आहे ना! कॅप्टन लाइनवरून मागे फिरला.

ते हरले. बारा वर्षांत मी शेकडो वेळा शिट्टी वाजवली असेल. माझ्या निर्णयावर भांडणारे रोज भेटतात. माझी चूक स्वतःच्या विरुद्ध दाखवून देणारा हा पहिला. मी त्याच्याशी हात मिळवला, तर तो घाबरून म्हणाला, "मॅडम, माझ्यावर रागावलात का?"

* * *

आणि फायनल.

टीम नसताना एकेकटे आलेले सहा जण मी एकत्र केले होते. नाव काय लिहू विचारलं, तर त्यांनीच सांगितलं, "उरलेले". त्यात एक मनीषा पाटील होती. बी.एस्सी.ची, राहायला बमरोलीला. वडील पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला. मनीषाला बॉल फेकता यायचा नाही. फेकला तर तिच्याच पायाशी पडायचा. पण तिला बॉल लागायचाही नाही! कितीही जवळून मारा, ती तिथे नसायचीच. मी एकदा विचारलं, "हे जमतं कसं तुला?" तर हसून म्हणाली, "मॅडम, दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सात जण. अंग चोरूनच वाढलेय मी."

तर हे उरलेले एकेक मॅच काढत फायनलला आले. समोर किंजलची टीम. किंजल आमच्या व्हॉलीबॉलची कॅप्टन, उंच, हात हातोड्यासारखा.

मनीषाचे वडील शिफ्ट बदलून आले होते. दारातच मला म्हणाले, "मॅडम, मी बसू ना इथे? पास लागतो का?" बोटांना निळा रंग, नखांत पण. मी त्यांना पुढे बसा म्हटलं, ते सगळ्यात मागच्या पायरीवर जाऊन बसले.

मॅच सुरू झाली आणि उरलेल्यांचे गडी भराभर गेले. एक, दोन, तीन... पाच. एकटी मनीषा राहिली. समोर किंजल धरून चार जण. घड्याळात दोन मिनिटं. वेळ संपल्यावर ज्यांचे गडी जास्त ते जिंकणार, म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. चौघांनी मिळून एकदम बॉल मारायला सुरुवात केली. मनीषा वाकली. उडी मारली. पालथी पडली, तशीच लोळत बाजूला झाली, उठली. बॉल कानाजवळून जात होते, गुडघ्यांमधून जात होते. मग कोणीतरी तिचं नाव घेतलं, आणि मग सगळेच घ्यायला लागले. आउट झालेले, हरून घरी गेलेले आणि फक्त बघायला परत आलेले, सगळे! मागच्या पायरीवर तिचे वडील उभे राहिले होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

शिट्टी वाजली. मनीषा उभीच होती.

बोर्डवर चार-एक. किंजलच्या टीमने कप उचलला, सगळे नाचले. मनीषा कोर्टवर मटकन बसली आणि रडायला लागली. "मॅडम, मी एक पण नाही मारला. माझ्यामुळे हरलो."

मी तिच्या वडिलांना शोधलं, तर ते जागेवर नव्हते. वाटलं, वाईट वाटून गेले असतील. दहा मिनिटांनी धापा टाकत आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. पहिला पेढा मला.

"घ्या मॅडम. पोरगी जिंकली!"

मी पेढा घेतला.

"मी मोजत होतो ना," ते म्हणाले. "बाकी पाच जण बाहेर काढले त्यांनी. हिच्यावर चार-चार जण सुटले. पण शेवटपर्यंत हिला कोणी हलवू शकलं नाही."

"पप्पा, अहो, आपण..." मनीषा डोळे पुसत उठली. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते किंजलपर्यंत पोचले होते. किंजलच्या एका हातात कप. त्यांनी तिच्या दुसऱ्या हातावर पेढा ठेवला.

"ले बेटा. मेरी लडकी जीत गई."

किंजलने हातातल्या कपाकडे बघितलं. मग बोर्डकडे. मग मनीषाकडे. कप शेजारच्या मुलीकडे दिला, पेढा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला, आणि हात पुन्हा पुढे केला.

"काका, एवढी मोटी जीत, ने एक ज पेंडो?"