लवू कंपाउंडरच्या पोटातली सुई

मुलुंडला डॉक्टर पद्मजाबाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर लवू परबाची सुई दुखत नाही, अशी ख्याती होती. लवू पेशंटला फक्त चिडवायचा. कोळीण कृष्णाबाई दंड पुढे करून बसली की तो म्हणायचा, "मावशी, कालचा बांगडा शिळा होता हां."

"सकालचा होता, मुडद्या. नाक हाय का भोक?"

तोवर टोचून, वर कापूस चोळून झालेला असायचा. पोरांना तो जोरात खोकायला लावायचा आणि खोकल्यातच टोचून मोकळा व्हायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कुत्रं चावलं ते लवूलाच. पोटरीला. त्याने घरी सांगितलं नाही, कारण कुत्रं चावलं की चौदा इंजेक्शनं पोटात घ्यायची असतात हे त्याला ठाऊक होतं. बायकोने, शेवंतीने, जखम पाहिली तेव्हा तो म्हणाला, "ओळखीचं कुत्रं आहे गं."

दुसऱ्या दिवशी ते ओळखीचं कुत्रं नाक्यावर मरून पडलं. शेवंतीने नवऱ्याला दंडाला धरून दवाखान्यात आणलं.

लवू टेबलावर आडवा झाला. पोट दगडासारखं कडक. बाकावर कृष्णाबाई होतीच.

"खोका," डॉक्टर पद्मजाबाई म्हणाल्या.

"ती माझीच युक्ती आहे, बाई."

"काल बाजारातून काय आणलंत?"

"हीपण माझीच."

"लवू, पोट सैल सोडा. सुई मोडेल."

"उद्या घेतो."

"उद्या कुत्र्यासारखा भुंकशील," कृष्णाबाई म्हणाली. मरणाची भीती त्याला होतीच, पण ते जरा लांब होतं. सुई समोर होती.

शेवंती उशाशी उभी होती. पदर सारखा करत ती शांतपणे म्हणाली, "थोरले भावजी यंदा गणपती त्यांच्या विक्रोळीच्या घरीच आणतायत. गावचं घर बंद ठेवणार. मी हो म्हटलंय."

"कोणाक इचारून?" लवू उसळला. "आजोबांपासून गणपती गावच्या घरात बसतो, आणि तू..."

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

बाकावरची माणसं हसली. कृष्णाबाई सगळ्यांत जास्त.

घरी जाताना लवू खूश होता. "मानलं तुला. थाप झकास मारलीस."

शेवंती चालत राहिली.

"थाप होती ना गं?"

"उद्या परत टोचायचंय," ती म्हणाली. "सगळी इंजेक्शनं झाली की विचारा."