गुंडप्पांची मेटॅडोर

उदगीरच्या गुंडप्पांनी किराणा दुकान मोडून जुनी मेटॅडोर घेतली, ती नव्या लातूर जिल्ह्याच्या भरवशावर. आता कचेरीच्या कामाला अख्खं गाव लातूरला पळणार, हा त्यांचा अंदाज. अंदाज बरोबर होता, गाडी चूक होती. त्या दुष्काळी उन्हाळ्यात तर तिनं ताळच सोडला. चार-पाच मैल गेली की आचके देऊन बंद.

गाडी बंद पडली की गुंडप्पा उतरत, डिझेलच्या टाकीचं टोपण काढत आणि आडात डोकावावं तसं आत बघत. "हाय की!" म्हणत टोपण लावत, किल्ली फिरवत आणि गाडी चालू! गाडीला मधूनमधून विचारपूस लागते, असा त्यांचा समज. भावकीच्या भांडणापायी याच गाडीनं लातूरच्या कोर्टात खेटे घालणारा मी शाळामास्तर, मुळात तापट. मला ही विचारपूस बघून अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी मागच्या बाकावर त्यांची बायको नागम्मा आणि एकुलती एक लेक शिवगंगा होती. टपावर शिवगंगेची वळकटी. तिला जिल्हा कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती. दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आणि नळेगाव यायच्या आधीच गाडी तीनदा बसली.

"अप्पा, एस्टीनं गेले असते तर बरं झालं असतं," शिवगंगा रडकुंडीला आली.

"माझी लेक नोकरीला चाललीया. माझ्याच गाडीत जाईल!" गुंडप्पा गुरकावले.

पुन्हा गाडी बंद. पुन्हा टोपण निघालं, तशा नागम्मा खिडकीतून ओरडल्या, "अहो, जपून! माझं रबर पडंल!"

"कसलं रबर?" गुंडप्पांनी विचारलं.

नागम्मांनी ऐटीत सांगितलं. टँकरचं पाणी उन्हानं उडून जाऊ नये म्हणून त्यांनी घरातल्या घागरींची तोंडं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून गच्च बंद केली होती. उरलेला तुकडा टाकीच्या टोपणात बसवला. "पाणी उडतंय, तर डिझेल उडत न्हाई व्हय?"

रबरानं टोपणाचं बारीक भोक बुजलं होतं. टाकीत हवा जायला वाटच नव्हती, मग डिझेल पुढं सरकणार कसं? डोकावायला टोपण काढलं की हवा आत जायची अन् गाडी खूश व्हायची. गुंडप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मी पोट धरधरून हसलो. नागम्मांनी फणकाऱ्यानं माझ्याकडं पाठ फिरवली.

रबर निघालं आणि गाडी जी सुटली, ती लातुरातच शिरली. दुपार व्हायला बराच अवकाश होता. कचेरीची इमारत दिसू लागली, तशी गुंडप्पांनी गाडी लिंबाखाली घेतली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बंद पडली."

इंजिन चांगलं धडधडत होतं. माझ्या ओठावर आलेला टोमणा तिथंच विरला.

शिवगंगा मागून उठली आणि बापाच्या शेजारी येऊन बसली. "पडू द्या, अप्पा," ती म्हणाली. "येळ हाय अजून."