चौथ्या दिवशी उतरलेली कावीळ

धाकू परब कावीळ उतरवायचा. ते करत तो पंचवीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावरही होता. पण संप झाला, तो मिटल्याचं कोणी त्याला सांगितलं नाही, आणि धाकू नाहूरच्या चाळीत घरी बसला. गिरणीबद्दल आता त्याला कोणी विचारत नसे. कावीळ मात्र मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतची माणसं त्याच्या दारात आणून उभी करी.

औषध बुधवारी आणि रविवारी. माणसाने सकाळी अनशापोटी यायचं. पाला धाकू स्वतः खुडून आणी, येताना वाटेत कोणाशी बोलत नसे, पाट्यावर वाटून ताकातून पाजी. पैसे घेत नसे. पाजून झालं की म्हणे, "सातव्या दिवशी डोळे धुतल्यासारखे."

आणि बहुधा तसंच होई. ही माणसं आधी दोन आठवडे डॉक्टरच्या सांगण्यावरून पडून राहिलेली असत, पण ते दिवस कोणी मोजत नसे. ज्याची सातव्या दिवशी उतरत नसे त्याला धाकू शांतपणे विचारी, "तेलाचा थेंब पोटात गेला काय?" माणूस विचारात पडे, आणि त्याला काही ना काही आठवेच. नखभर लोणचं, कुठल्या बारशातली अर्धी पुरी. औषध कधी चुकलं नाही ते असं.

शहाऐंशी साली नारळी पौर्णिमेच्या सुमाराला धाकूलाच कावीळ झाली.

कावीळ उतरवणाऱ्याला कावीळ होणं बरं दिसत नाही. म्हणून धाकूने जुना काळा चष्मा चढवला आणि डोळे आल्याचं सांगत पंधरा दिवस काढले. शेवटी त्याच्या बायकोने, शेवंतीने, चष्मा हाताने उतरवला.

"डोळे येतत तेव्हा लाल होतत," ती म्हणाली. "पिवळे नाय होवचे."

आता अडचण अशी होती की देणाऱ्याचा हात देणाऱ्याला लागत नाही. हा नियम ज्या मामाने धाकूला औषध शिकवलं त्यानेच घालून दिलेला, आणि तो मामा कणकवलीला वारून दहा वर्षं झाली होती. दुसरा हात हवा होता. शेवंती उठली आणि पाला घेऊन आली. बरोबर तोच पाला. धाकूने तिला तो कधी दाखवला नव्हता.

"तुका कसो कळलो?"

"पाटो वीस वर्षां कोण धुता?"

बुधवारी तिने पाजलं. शनिवारी सकाळी धाकू दाढीचा आरसा घेऊन गॅलरीत गेला आणि उजेडात त्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा पांढरा. दुसरा डोळा, तोही पांढरा. भूक तर अशी लागली होती की आरसा खावा. क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याने बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनी.

आयुष्यात त्याच्या हाताने कोणाची चौथ्या दिवशी उतरली नव्हती.

तो आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

"कसा वाटता?" शेवंतीने विचारलं.

"अजून बरेच दिवस लागतीत."

सातवा दिवस उलटू द्यायचा, मग बरं व्हायचं, असं त्याने ठरवलं. डोळे मिटून ठेवता येतात. नखं मिटता येत नाहीत, तेव्हा शेवंती नळावर गेली असताना त्याने नखांना हळद चोळली. पथ्य मात्र खरंखुरं पाळावं लागलं. बाजारात नवे बांगडे आले होते, शेजारी ते तव्यावर पडल्याचा आवाज भिंतीतून येई, आणि धाकूपुढे बिनमिठाची पेज. नुसत्या वासानेही कावीळ उलटते असं त्याने आजवर किती जणांना बजावलं होतं. त्याने नाकावर चादर ओढली.

"हळदीचो डबो सरकलेलो दिसता," शेवंती म्हणाली.

"उंदीर असतलो."

तिने आणखी एक पळी पेज वाढली.

पुढच्या बुधवारी, आठव्या दिवशी, धाकू नखं धुऊन उठायच्या आतच पलीकडच्या चाळीतली मालन आपल्या लताला घेऊन आली. लता कॉलेजात होती. तिचे डोळे पिवळेजर्द. खाटेवर पडलेल्या धाकूची पिवळी नखं बघून मालन दारातच थबकली.

"भाऊजी, तुम्हाला कावीळ? औषध घेतलंत ना?"

"घेतल्यानी," शेवंती म्हणाली.

"किती दिवस झाले?"

"आज आठवो."

मालनने त्या नखांकडे पुन्हा पाहिलं. "चल गं लता. ह्यांचं औषध ह्यांनाच लागत नाही, आपल्याला काय लागणार? आणि चाळीत सांगते सगळ्यांना, उगाच कोणी नादी लागायला नको."

धाकूला पुढचं सगळं दिसलं. हा बुधवार, येता रविवार, त्यानंतरचे सगळे बुधवार-रविवार, आणि मोकळं दार. बायकोचा हात सरस ठरू नये म्हणून तो पडून राहिला होता. आता औषधच खोटं ठरत होतं.

"मालन, थांब." तो उठून गॅलरीत उजेडात गेला. "हे बघ डोळे."

मालनने वाकून पाहिलं. "पांढरे आहेत. मग नखं?"

"हळद आहे."

लता आधी हसली. मालनला हसू आलं नाही. "हळद कशाला लावलीत?"

"शनिवारीच उतरली," तो खाली बघत म्हणाला. "चौथ्या दिवशी."

"चार दिवसांत? कोणाच्या हातचं घेतलंत?"

धाकूने हनुवटीने शेवंतीकडे दाखवलं. मालनने लताचे दोन्ही खांदे धरून तिला धाकूसमोरून उचलल्यासारखं वळवलं आणि शेवंतीपुढे उभं केलं.

"वैनी, तुम्हीच द्या. किती दिवस लागतील?"

शेवंतीने पदराला हात पुसले. "ता माका म्हायत नाय. गुण येतलो तेव्हा येतलो. आणि डॉक्टरचा सोडू नका. तो रक्त तपासूक सांगात तर तपासून घेवा."

मालनचा चेहरा पडला. असलं औषध तिने ऐकलं नव्हतं.

"चार," धाकू म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"चार दिवस. पथ्य पाळलं तर."

शेवंतीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ती आत गेली, पाला धुऊन आणला आणि पाट्यावर ठेवला. धाकू पाय दुमडून पाट्यासमोर बसला आणि त्याने वरवंटा ओढून घेतला.

"बारीक वाटा," ती म्हणाली.