चार राती मेंढरं

प्रांजलला कामात आई आठवत नसे, म्हणून ती सदा कामात असे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं, पोरगी लई हुशार, लई कष्टाळू. हुशार होतीच. पण हुशार माणसालासुद्धा घडीभर ओट्यावर बसावंसं वाटतं, आणि प्रांजल ओट्यावर बसायलाच भ्यायची.

पहाटे उठून आत्याच्या गाईंचं शेणघाण, मग डेअरीला दूध, मग पिंपरी पेंढारच्या फाट्यावरून एस.टी.नं ओतूरचं कॉलेज. बारावी, कला शाखा. दुपारी परत येऊन उभ्याउभ्या भाकरी खायची आणि लगेच उलट्या दिशेची गाडी धरून आळेफाट्याला जायचं, कारण वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास तिथं. एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला क्लास आणि मध्ये आत्याच्या कांद्याची लागण. त्यातून वेळ उरलाच तर वक्तृत्व स्पर्धा होत्या. आत्या सारजाबाई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हंत्यात, अन् ही तर तिथंच बिऱ्हाड करायला निघालीय. घरात कमी अन् रस्त्यावर जास्ती. रगातच फिरस्तीचं, त्याला कोन काय करनार!"

ते मात्र खरं होतं. प्रांजलचे वडील सोमाजी आणि आई बानूबाई मेंढरांमागं असत. पावसाळ्याचे महिने आणे पठारावर जायचे. दिवाळी सरली की घोड्यांवर संसार लादायचा, माळशेजचा घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. जिथं रात्र पडेल तिथं वाडा. वाडा म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं चिरेबंदी चौक येत असेल तर त्यानं तो पुसून टाकावा. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांभोवती जाळी, तीन दगडांची चूल, डोक्यावर असली तर एखादी फाटकी ताडपत्री आणि झोळीत घातलेली कोवळी कोकरं. प्रांजल तिथंच वाढली होती. चौथीत असताना तिला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं, आणि तेव्हापासून वर्षातले मोजके महिने सोडले तर ती आईला फोनवरच भेटत आली.

बरं, ते मोजके महिनेही शाळेच्या कामाचे नव्हेत. गॅदरिंग थंडीत, बक्षीस समारंभ थंडीत, वक्तृत्वाच्या स्पर्धा थंडीत. आणि थंडीत बानूबाई घाटाखाली. शाळा आणि मेंढरं यांनी जणू संगनमत केलं होतं. ढालींनी आत्याची फळी भरली, पण प्रांजलला बोलताना आईनं एकदाही ऐकलं नव्हतं. आत्या टाळ्या वाजवायची, तोंड भरून कौतुक करायची. त्या टाळ्या प्रांजलला गोड लागत, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी माईक हातात आला की तिची नजर आधी दाराकडे जायची. येणार कुणी नसतं हे ठाऊक असूनही जायची.

वकिलीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही आईमुळंच. ती लहान असताना घाटाखाली एका गावात कुणा दुसऱ्याच्या मेंढरांनी हरभरा खाल्ला, आणि आळ आला सोमाजीवर. सोमाजी हात जोडून उभा राहिला. आपली मेंढरं नव्हती एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. रात्री चुलीपाशी बानूबाई म्हणाली होती, "तोंड दिलंय देवानं, पर गावाम्होरं ते उघडत न्हाय आपलं. आपल्या बाजूनं बोलाया कुनीतरी पायजे." बोलून ती विसरून गेली असेल. प्रांजल विसरली नाही.

यंदा कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा ठरली. म्हणजे खोटं कोर्ट, खोटा खटला, पण काळे कोट खरे आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत जुन्नर कोर्टातल्या खऱ्याखुऱ्या वकील वैजयंती मॅडम. गोरख सरांनी खटला तयार केला होता तो असा. एका मेंढपाळाचा कळप एका बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरला, पीक गेलं, बागायतदार कोर्टात आला. कुणी कुणाची बाजू घ्यायची यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. ऋतिकच्या घरचा ऊस नजर पोचेल तिथवर. त्याला मेंढपाळ आला. प्रांजलला बागायतदार.

"सर, बदलून मिळेल का?" तिनं विचारलं.

"वकिलाला पक्षकार निवडून मिळत नाही, प्रांजल," सर म्हणाले. "आणि मेंढपाळाची बाजू तू झोपेतही मांडशील. त्यात काय शिकलीस?"

सरांचं म्हणणं बरोबर होतं, पण तिला चिठ्ठी बदलूनच हवी होती. कारण स्पर्धा दिवाळीनंतर लगेच होती, आणि त्याच दिवसांत वाडा पठारावरून उतरून कल्याणच्या रस्त्यानं, आळेफाटा, पिंपरी पेंढार, ओतूर करत माळशेजकडे जाणार होता. आठ वर्षांत पहिल्यांदा प्रांजलच्या बोलण्याच्या दिवशीच आई दारावरून जाणार होती.

तिनं फोन लावला. सोमाजी नेहमीसारखं तुटक बोलला. "बगू. चाऱ्यावर हाय. चारा संपला तर आदुगर निगावं लागंल. अन् ओतुराच्या म्होरं उसाचं रान, बिबट्या बसलेला असतूय. दिस हाय तवर वाडा लावावा लागतो, बाय." मागून बानूबाईनं फोन ओढून घेतला. "काय हाय गं त्या दिशी?"

"मी बोलनार हाय, आये. कोर्टात. खोट्या कोर्टात."

"खोट्या?" बानूबाईनं विचारलं. "मग खरं बोल म्हंजी झालं. मी येते. घोडी जावंकडं देते अन् येते."

वाटचालीत बाया घोडी घेऊन पुढं जातात, जागा बघतात, चूल मांडतात. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. बाईनं घोडी सोडणं म्हणजे सगळ्या बिऱ्हाडाचा खोळंबा. आई येते म्हणाली याचा अर्थ प्रांजलला पुरता कळला. कुणाच्या बाजूनं बोलणार, हे मात्र तिनं आईला सांगितलं नाही. जीभच रेटली नाही.

तयारी तिनं जीव ओतून केली. एस.टी.त उभ्यानं केली, दूध घालताना केली. आरशापुढं उभी राहून ती म्हणायची, "पीक ही शेतकऱ्याची वर्षाची कमाई आहे," आणि आरशातलं तोंड आईसारखं दिसायला लागलं की मान फिरवायची. मनातून तिला ठाऊक होतं की असली भांडणं कोर्टात जातच नाहीत. मेंढरं कुणाच्या पिकात शिरली तर धनगर वाद घालत नाही. म्हणतो, दोन राती मेंढरं बसवून देतो. कळप रात्रभर त्या रानात बसवायचा. लेंड्या आणि मूत मातीत मुरतात, पुढलं पीक जोमानं येतं. एरवी यासाठी शेतकरी धान्य मोजतो, नुकसान झालं तर धनगर फुकट बसवतो. नुकसान जास्त असेल तर चार राती. लहानपणापासून तिनं हाच न्याय पाहिला होता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. गोरख सरांचा काळा कोट प्रांजलला गुडघ्यापर्यंत आला, बाह्या दुमडाव्या लागल्या. आत्या पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती आणि शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवून धरत होती. येईल त्याला सांगत होती, "हितं माणूस येनार हाय." ऋतिक आधी बोलला, चांगलं बोलला. मेंढपाळाची गरिबी, चराऊ रानं कशी आटली, सगळं. खुर्ची रिकामीच होती.

मग प्रांजल उठली. बोलायला लागली आणि सभागृह गप्प झालं. नांगरट, बियाणं, रात्रीची वीज, पाणी देताना बिबट्याची भीती, हरभऱ्याला घाटे लागले तेव्हाचा आनंद. तिनं आत्याच्या रानातलं सगळं उभं केलं. "मेंढपाळ गरीब आहे, मान्य," ती म्हणाली, "पण गरिबी म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरण्याचा परवाना नव्हे!" टाळ्या पडल्या. वैजयंती मॅडम पुढं झुकून ऐकत होत्या. जिंकली होती ती. ऋतिकच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिनं सवयीनं पुन्हा दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. चारा संपला असेल, तिनं मनाशी म्हटलं. गेले असतील आधीच.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "आता शेवटचं सांगा. तुमच्या अशिलाची कोर्टाकडे मागणी काय?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. हातात चपला घेऊन बानूबाई आत आली. चालून चालून पावलं धुळीनं पांढरी झालेली, कपाळावर घाम. पोरांनी नाकं मुरडली असतील, मेंढरांचा वास काही लपत नाही. ती पुढं आलीच नाही, दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली. अडवून ठेवलेली खुर्ची तिला कोण सांगणार! काळ्या कोटातली आपली लेक तिनं डोळे भरून पाहिली आणि हसली.

प्रांजलनं तोंड उघडलं. कागदावर लिहिलेलं सगळं, भरपाई, दाव्याचा खर्च, कुठल्या कुठं गेलं.

"चार राती मेंढरं बसवून द्यावीत," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग ऋतिक ताडकन उठला, "मॅडम, वादीच्या वकिलांनी आमचंच म्हणणं मांडलं!" आणि सभागृहात हशा उसळला. वैजयंती मॅडमनाही हसू आवरेना. "बाळ, कोर्ट भरपाई रुपयांत देतं, लेंड्यांत नाही," त्या म्हणाल्या, तसा आणखी मोठा हशा झाला. प्रांजलचे कान तापले. पण दाराशी उभी असलेली बानूबाई हसत नव्हती. ती मान हलवत होती, हळूहळू, बरोबर हिशेब ऐकल्यावर माणूस हलवतो तशी.

ढाल ऋतिकला गेली. गोरख सर म्हणाले, "हातातला घास गेला गं!" प्रांजल बक्षिसं संपायची वाट न बघता बाहेर पळाली.

बानूबाई फाटकापाशी लिंबाखाली उभी होती. लेक जवळ आल्यावर तिनं आधी कोटाला हात लावला, बोटांत धरून कापड चोळून पाहिलं. "घोंगडीवानी काळा हाय. पर ऊब न्हाय ह्यात."

"हरले मी, आये."

"व्हय. लोकं हसली तवा कळलं मला." ती रस्त्याकडे पाहात होती. उन्हं कलायला लागली होती. जावेनं घोडी एव्हाना बरीच पुढं नेली असणार. "चार राती बरोबर बोललीस. घाटं लागलेला हरबरा म्हंजी चारच राती. तुझा बाप तीन म्हनला असता." नजर रस्त्यावरून न काढता ती एकदम म्हणाली, "हरलीस तर मग चल की संगं."

आठ वर्षांत बानूबाई हे कधी बोलली नव्हती. आत्याकडे सोडून जाताना बोलली नव्हती, फोनवर कधी आवाज ओला झाला तरी बोलली नव्हती. प्रांजलला वाटत आलं होतं की आईला सवय झाली, आठवण फक्त आपल्यालाच येते. आता तिनं पाहिलं, एवढा उशीर होत असूनही आईनं हातातल्या चपला अजून पायात घातल्या नव्हत्या.

आणि प्रांजलला जायचं होतं. तिला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. ना वकिली, ना परीक्षा, ना आळेफाट्याचा क्लास. तिला चुलीपाशी आईच्या मांडीला टेकून झोपायचं होतं, घोंगडीखाली, कोकरांचा आवाज ऐकत. आठ वर्षं कामाखाली दाबून ठेवलेलं ते हेच होतं.

"न्हाय, आये," ती पुटपुटली.

"आँ?"

"न्हाय."

"आत कशी बोलत व्हतीस? मी लांबवर रस्त्यात व्हते तर भोंग्यातनं आवाज आला. शिरीमंताच्या बाजूनं बोलत व्हतीस, तरी वळाखला मी. तसं म्हन."

म्हणजे आईनं सगळं ऐकलं होतं. बागायतदाराचं, परवान्याचं, सगळं. प्रांजलनं डोळे पुसले, सरांच्या कोटाच्या बाहीनंच पुसले, आणि फाटकापाशी उभी असलेली पोरं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मी येनार न्हाय, आये! मला परीक्षा द्यायचीय!"

बानूबाईनं चपला खाली टाकल्या, पायात घातल्या, पदर खोचला.

"आता जाते," ती म्हणाली. "बारीक बोललीस तर पाय निगत न्हाय माझा."

आणि ती घाटाच्या दिशेनं चालू लागली. प्रांजल रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेली आणि आळेफाट्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.