‘माझी शुगर बॉर्डरलाच आहे’

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालायचं काम माझं. थेंब घातले की बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात माणूस बोलतो. नाशकात एकोणीस वर्षं हेच ऐकतेय. आता घरी भाजी निवडतानासुद्धा एखादा आठवतो आणि डोकं फिरतं.

*

ओझरच्या कारखान्यातले एक इन्स्पेक्टर. विमानाच्या पार्टवरचा केसाएवढा चरा शोधायची नोकरी. बारा वर्षं शुगर, पण डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नाही. त्यांना फक्त चष्म्याचा नंबर बदलून हवा होता. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतायत, लेसर करावं लागेल. साहेब म्हणाले, दिसतंय की व्यवस्थित.

मी त्यांचा उजवा डोळा झाकला. त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "लाइट गेली का?"

*

घोटीचे एक तांदळाचे व्यापारी. तपासणीच्या आधी दोन दिवस नुसती काकडी खायचे, रिपोर्ट झकास यायचा. मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट करायला लावली. आकडा बघून मलाच घाम फुटला. शेठ उलट आमच्यावरच चिडले.

"मागच्या तीन महिन्यांचं तुमाला काय करायचंय? मी आज चांगला हाय ना."

*

कॉलेजात शिकवणारे एक सर डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर जे पळाले, ते चार महिन्यांनी उगवले. डोळे लालभडक. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज मध घालत होते. साखरेनेच डोळा चाललाय आणि हे त्यात मध ओततायत! मी विचारलं, काय शिकवता?

"केमिस्ट्री."

*

नांदगावचे एक रिटायर्ड गुरुजी बायकोला घेऊन आले. शुगर दोघांनाही. मॅडम म्हणाल्या, तुम्हीही तपासून घ्या.

"माझी बॉर्डरलाच आहे," गुरुजी म्हणाले. "हिलाच दिसत नाही. दोन वर्षं भातात खडे खातोय."

सगळ्या पेशंटसमोर बोलले. बाई मान खाली घालून बसल्या.

मी बाईंना तक्त्यासमोर बसवलं. वरचं मोठं अक्षर त्यांनी वाचलं, पुढच्या ओळीला अडल्या. गुरुजी मागेच उभे होते. बायको नापास होतेय हे बघवलं नसावं. ते हळूच एकेक अक्षर पुटपुटायला लागले आणि बाई मोठ्याने म्हणत गेल्या. ग. प. म. अख्खी ओळ.

एकही अक्षर बरोबर नव्हतं.

मॅडमनी बाईंना उठवलं आणि खुर्ची गुरुजींकडे वळवली. गुरुजी जागचे हलेनात.

बाईंनी चाचपडत त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "बसा. मी उभी राहते मागं."